भूमीचा आधार : उपनगरांतील वीज, घर आणि पहिला संगणक

मनुष्य घरांत एखादी मौल्यवान वस्तु आणतो, तेव्हां तिच्या रक्षणाचा विचार तो बहुधा सर्वांत शेवटीं करतो. दागिना आधीं घडवितात, त्याची पेटी मागाहून घेतात; पुस्तकें आधीं जमतात, कपाट मागाहून येतें. हल्लीं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील पुष्कळ घरांतून कॉलेजांत जाणारीं मुलें आपला पहिला संगणक तयार विकत न घेतां सुटे भाग आणून स्वतः जुळवितात. त्यांनीं केलेली यादी एकदां वाचून पाहावी. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, पडदा ह्यांच्या निवडीचा खल महिनामहिना चालतो. आणि यादीच्या तळाशीं, उरलेल्या पैशांत बसेल असा, एखादा सर्ज प्रोटेक्टर किंवा यूपीएस असतो. ही शेवटची ओळ लिहितांना कोणी फारसा विचार करीत नाहीं. आणि घरचा कर्ता माणूस तर ती दुकानदाराच्या शब्दावर सोडून देतो.

ह्या लेखाचा विषय ती शेवटची ओळ हाच आहे. कोणतें रक्षक साधन आधीं घ्यावें, कोणतें मागाहून, आणि कोणतें मुळींच घेऊं नये, ह्या प्रश्नाचें उत्तर दुकानाच्या फळीवर सांपडत नाहीं. आपल्या उपनगरांत वीज कशी आली आणि तिच्यामागून संगणक कसा आला, ह्या सुमारें शंभर वर्षांच्या इतिहासांत तें दडलेलें आहे, असें मला वाटतें.

विजेपासून रक्षण करण्याच्या विद्येचा आरंभ बेंजामिन फ्रँकलिनपासून धरण्याचा प्रघात आहे. १७५२ सालच्या पतंगाच्या प्रयोगानें तो जगप्रसिद्ध झाला. परंतु त्याची खरी देणगी म्हणजे इमारतीच्या माथ्यावरून जमिनींत नेलेली लोखंडी सळई. ह्या सळईंतील विचार मोठा मार्मिक आहे. आकाशांतील शक्तीला अडविण्याचें सामर्थ्य मनुष्याजवळ नाहीं. तेव्हां तिला अडवूं नये, भूमींत जाण्यास मोकळी वाट करून द्यावी. पुढें घरोघर वीज खेळूं लागली तेव्हां दुसऱ्या विचाराची भर पडली. वाट देणें पुरेसें नसेल तर वाट तोडावी. एडिसननें १८९० मध्यें फ्यूजचें पेटंट मिळविलें आणि १९२४ मध्यें जर्मनींत ह्यूगो श्टोट्झनें पुन्हां पुन्हां वापरतां येणारी लहानशी स्वयंचलित कळ तयार केली. आज आपल्या दारामागें एमसीबीची जी रांग दिसते तिची ही आजी. विजेचा दाब कमी-अधिक झाला असतां तो सारखा करण्याचा तिसरा विचार १९३८ सालीं अमेरिकेंत जोसेफ सोला ह्यानें काढलेल्या स्थिरदाब ट्रान्सफॉर्मरमध्यें मूर्त झाला. आणि पुरवठ्यांतील खंड भरून काढण्याचा चौथा विचार फ्रान्समधील गॅस्टन प्लांटे ह्यानें १८५९ सालीं केलेल्या शिशाच्या बॅटरीवर उभा आहे. वाट देणें, वाट तोडणें, दाब सारखा करणें आणि खंड भरणें, हीं चार कामें. आज दुकानांत रंगीबेरंगी खोक्यांतून जें कांहीं विकलें जातें, तें ह्या चोहोंपैकीं एखादें किंवा दोन-तीन कामें करीत असतें. पांचवा चमत्कार त्यांत नसतो.

आतां आपल्या भागाकडे वळूं. मुंबई उपनगर जिल्हा १९२० सालीं वेगळा काढण्यांत आला. तत्पूर्वीं पांच वर्षें, १९१५ सालीं, टाटांच्या खोपोलीच्या केंद्रांतून सह्याद्रीच्या पाण्यावर निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली होती. उपनगरवासी माणसाला ह्या शक्तीचें पहिलें भव्य दर्शन घडलें तें आगगाडींत. १९२५ च्या फेब्रुवारींत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धांवली आणि १९२८ च्या जानेवारींत ती पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत येऊन पोंचली. पुढच्याच वर्षीं, १९२९ मध्यें, बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. टाटांकडून वीज घ्यावयाची आणि उपनगरांतील घराघरांत पोंचवावयाची हें तिचें काम. पुढें ह्या कंपनीचे धनी आणि नांव बदलत गेलें, तरी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर हा भाग तिच्या वारसांकडेच राहिला. भांडुप-मुलुंडकडे मात्र राज्याच्या वीज मंडळाच्या तारा गेल्या.

त्या आरंभीच्या काळीं घरांत वीज म्हणजे काय, तर एक-दोन दिवे आणि क्वचित् एखादा पंखा. दिवा छताला टांगलेला. त्याला कोणाचा हात लागत नाहीं. त्याला दोन तारा पुरतात, एक येण्याची आणि एक जाण्याची. तिसरी तार, जिला आपण सर्व अर्थिंग म्हणतों, ती नसली तरी दिवा तितकाच उजळ जळतो, आणि म्हणून ती नाहीं हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. दोन तारांची ही संवय आपल्या घरबांधणीच्या हाडींमासीं खिळली. कायद्याला ही उणीव दिसली नव्हती असें नाहीं. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनीं असें बंधन घातलें कीं, वीज पुरविणारानें ग्राहकाच्या जागेंत, पुरवठा सुरू होतो तेथें, भूमीशीं जोडलेलें एक टोक दिलें पाहिजे. त्याचप्रमाणें घरगुती विजेचा दाब जाहीर केलेल्या अंकाच्या शेंकडा ६ हून अधिक खालींवर होऊं देऊं नये. परंतु त्या टोकापासून घरांतील प्रत्येक सॉकेटपर्यंत तिसरी तार नेण्याचें काम घरमालकाचें आणि त्याच्या वायरमनचें राहिलें. १९५० व १९५७ ह्या दोन टप्प्यांत उपनगरें बृहन्मुंबईंत सामील झालीं, इमारती भराभर उठल्या, आणि त्या घाईंत पुष्कळ ठिकाणीं तिसऱ्या तारेचे पैसे वांचविले गेले. भिंतीवर भोंकें मात्र तीन दिसत. कारण तीन भोंकांचें सॉकेट शोभिवंत दिसतें आणि त्याच्या पाठीमागें काय आहे हें कोणी उघडून पाहत नाहीं.

संगणकाचा मुंबईंतील प्रवेश मात्र अगदीं निराळ्या थाटांत झाला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत टिफ्रॅक हें यंत्र १९६० सालीं कामाला लागलें. १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें नामकरण केलें. सुमारें २,७०० निर्वात नळ्यांचें तें यंत्र म्हणजे एक लहानसें कारखानाच होतें. त्याच दशकांत पवईच्या आय.आय.टी.मध्यें सोव्हिएत बनावटीचें मिन्स्क यंत्र आलें, आणि १९७३ सालीं अंधेरीस सीप्झ हें निर्यातीच्या इलेक्ट्रॉनिक मालाचें क्षेत्र स्थापन झालें. ह्या काळच्या यंत्राभोंवतीं एक संस्था उभी असे. त्याला स्वतंत्र खोली, थंड केलेली हवा, विजेची वेगळी वाहिनी, आणि देखरेखीला शिकलेला इंजिनियर. रक्षण हा वेगळा विकत घेण्याचा जिन्नस नव्हता. तें इमारतींतच होतें.

१९८४ च्या नव्या संगणक धोरणानें सुट्या भागांची आयात सुलभ झाली, लॅमिंग्टन रोडचा बाजार फुलला, आणि नव्वदीच्या दशकांत संगणक त्या सुरक्षित खोलीबाहेर पडून दोन खोल्यांच्या घरांत आला. यंत्र आलें; त्याच्याभोंवतींची खोली, वाहिनी आणि इंजिनियर मागेंच राहिले. ह्या रिकाम्या जागेंत आपण काय बसविलें, तर दूरदर्शन-संचाच्या दिवसांपासून ओळखीचा असलेला स्टॅबिलायझर! १९७२ सालीं मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर हा टक्क-टक्क आवाज करणारा डबा घरोघर आला होता. त्याच्यावर आपला विश्वास जडला होता. चार कामांपैकीं तो एकच काम करतो, दाब सारखा करण्याचें, हें आपण विसरलों.

ह्या विसराचें मोल प्रस्तुत लेखकाच्या घरींहि भरावें लागलें. १९९९ मध्यें वडिलांनीं निवृत्तीच्या पैशांतून बोरिवलीच्या घरीं संगणक घेतला. त्याच्या लोखंडी पेटीला हात लागला कीं बारीक झिणझिण्या येत. आई पेटी पुसतांना पायाखालीं लांकडी पाट घेई, आणि आम्ही सर्वजण ती गोष्ट यंत्राचा स्वभाव म्हणून स्वीकारून बसलों होतों. स्टॅबिलायझर होता, त्यावरचा हिरवा दिवा अखंड तेवत असे. जूनच्या पहिल्या वळवांत, टेलिफोनची तार मोडेमला लागलेली असतां, मोठा कडकडाट झाला आणि यंत्र निमालें. मोडेम व मदरबोर्ड दोन्ही जळाले होते. शेजारच्या वृद्ध वायरमननें सॉकेट उघडून दाखविलें, तों तिसऱ्या भोंकामागें तारच नव्हती. तो म्हणाला, "साहेब, ह्याला जायला जागाच दिली नाहींत, मग तें तुमच्या यंत्रांतून गेलें." फ्रँकलिनचा सिद्धांत इतक्या थोड्या शब्दांत मीं कोणत्याहि ग्रंथांत वाचला नव्हता.

त्या झिणझिण्यांचें कारण पुढें कळलें. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्यें गडबड गाळणारे दोन लहान कपॅसिटर असतात. त्यांचें मधलें टोक धातूच्या पेटीला आणि पेटीमार्फत भूमीला जोडलेलें असतें. भूमीची तार नसेल तर पेटी २३० व्होल्टांच्या जवळजवळ मध्यावर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहते. प्रवाह अल्प असल्यामुळें तो सहसा घातक नसतो. परंतु ती झिणझिणी म्हणजे घरानें दिलेली उघड सूचना होय. आंत खराखुरा बिघाड होऊन सगळी वीज पेटीवर आली, तर तीच पेटी प्राण घेऊं शकते. संगणक जळणें हें नुकसान झालें. ओल्या हातानें फरशी पुसणारें माणूस दगावणें ह्याला नुकसान हा शब्द पुरत नाहीं.

आतां सर्ज प्रोटेक्टरकडे पाहूं. त्याच्या पोटांत जस्ताच्या भस्मापासून केलेल्या चकत्या असतात; ही वस्तु १९७० च्या अलीकडे-पलीकडे जपानांत विकसित झाली. दाब मर्यादेंत असतां चकती वीज वाहूं देत नाहीं. दाब एकाएकीं उसळला कीं ती क्षणार्धांत वाट उघडते. चांगल्या पट्टींत अशा तीन चकत्या असतात. एक येणाऱ्या व जाणाऱ्या तारांमध्यें, आणि उरलेल्या दोन त्या प्रत्येक तारेपासून भूमीकडे. भूमीची तार नसेल तर तीन पहारेकऱ्यांपैकीं दोघांचे हात बांधलेले असतात. एकटा पहिला इमारतींतील लिफ्ट, पाण्याचा पंप, वातानुकूलन यंत्र ह्यांच्या लहानसहान उसळ्या झेलील. आकाशाची उसळी झेलणें त्याला अवघड आहे. तिन्ही असले तरी प्रत्येक आघातानें ते झिजत जातात. म्हणून पट्टी ही आजन्म टिकणारी वस्तु समजूं नये, आणि ज्या पट्टीला केवळ अनेक भोंकें व एक लाल बटण आहे, पण किती ज्यूल शक्ति सोसेल हा अंक कोठेंच नाहीं, ती नुसती लांबविलेली तार समजावी.

न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं भूमीची तार सर्व रोगांवरचें औषध नाहीं. आपल्या इमारतींत तीन फेजची वीज येते आणि ती मजल्यामजल्यांत वांटली जाते. तळमजल्यावर न्यूट्रल तार ढिली होऊन सुटली, तर एखाद्या घरांत २३० ऐवजीं ४०० पर्यंत व्होल्ट चढूं शकतात, आणि ते क्षणभर नव्हे तर मिनिटेंच्या मिनिटें टिकतात. अशा वेळीं चकती जळून जाते. तेथें दुसरा विचार, वाट तोडण्याचा, कामास येतो. दाब मर्यादेबाहेर जातांच पुरवठा तोडणारें लहानसें यंत्र मुख्य पेटींत बसविलें म्हणजे संगणकच नव्हे तर फ्रिज आणि दूरदर्शनहि वांचतो. गळती होतांच वीज तोडणारी आरसीसीबी तर प्राणरक्षणासाठीं प्रत्येक घरांत असावीच.

उलट, स्टॅबिलायझरची गरज मात्र काळानें जवळजवळ संपविली आहे. आजचे चांगले पॉवर सप्लाय १०० पासून २४० व्होल्टांपर्यंतचा दाब आपोआप पचवितात. जुन्या भीतीपोटीं त्यांच्यापुढें स्टॅबिलायझर ठेवणें म्हणजे धडधाकट माणसाच्या हातीं काठी देणें होय. तोच पैसा चांगल्या पॉवर सप्लायवर खर्च करावा. तो यंत्राचा सर्वांत जवळचा रक्षक आहे.

राहिला यूपीएस. मुंबईंत वीज जात नाहीं अशी आपली प्रौढी होती. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उपनगरांचा मोठा भाग अंधारांत गेला; १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळीं तर पाऊस नसतांहि सारी मुंबई एकदम थांबली, आणि घरीं बसून परीक्षा देणाऱ्या व काम करणाऱ्या असंख्यांचे पडदे काळे झाले. तेव्हां यूपीएस हवा. परंतु तो कशासाठीं, हें ठाऊक असावें. तो तासन् तास काम चालविण्यासाठीं नसून काम जपून ठेवून यंत्र नीट बंद करण्यासाठीं आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ६०० व्ही.ए. लिहिलेलें असतें, पण खरी शक्ति बहुधा ३६० वॉटच्या आसपास असते. मोठें ग्राफिक्स कार्ड बसविलेल्या संगणकाला ती अपुरी पडते आणि ऐन वेळीं रक्षकच मान टाकतो. म्हणून वॉट पाहावे. बॅटरी तीन-चार वर्षांत, उष्ण कोपऱ्यांत त्याहून लवकर, निकामी होते; तिचा खर्च आरंभींच मनांत धरावा.

हवेविषयीं दोन शब्द. यंत्र जुळवितांना अंगावरील स्थिर विजेनें भाग बिघडतात, म्हणून मनगटपट्टी बांधावी असें सांगतात, तें बरोबर आहे. आपल्याला जाणवतहि नाहीं इतक्या ठिणगीनें चिप मरूं शकते. मुंबईच्या दमट पावसाळ्यांत हें भय कमी, थंड व कोरड्या केलेल्या खोलींत अधिक. पण ती पट्टीदेखील शेवटीं कोठें जोडावयाची? यंत्राच्या पेटीला, आणि पेटी भूमीला! फिरून आपण त्याच तारेपाशीं येतों.

येथें एक आक्षेप रास्त आहे. पट्टी आणि यूपीएस आपण घेऊं शकतों. अर्थिंग मात्र इमारतीचें असतें. भाड्यानें राहणारानें किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदानें काय करावें? ह्या अडचणीमुळेंच दुकानांतील डब्याला इतकें गिऱ्हाईक मिळतें. एकट्यानें विकत घेण्यासारखें तेवढेंच असतें. परंतु माहितगार वायरमनकडून सॉकेट तपासून घेणें कोणालाहि शक्य आहे. येणाऱ्या तारेपासून भूमीपर्यंतचा दाब तिच्यापासून न्यूट्रलपर्यंतच्या दाबाइतकाच भरला पाहिजे. भरला नाहीं तर तार मुख्य पेटीपर्यंत नव्यानें ओढावी लागते. तो खर्च बहुधा एका बऱ्या ग्राफिक्स कार्डाहून कमीच असतो. मात्र न्यूट्रल तारच तिसऱ्या भोंकाला जोडून देण्याची किंवा नळाला तार गुंडाळण्याची युक्ति कोणी सुचविली तर त्याला दारांतूनच निरोप द्यावा. ती युक्ति माणसें मारते.

आणि तळमजल्यावरील तो मातींतला खड्डा? मुलुंड-घाटकोपरच्या टेकड्यांखालीं कठीण काळा पाषाण आहे. वैशाखांत तेथील जमीन सुकली कीं तिची वीज घेण्याची शक्ति घटते. जुने वायरमन मीठ-कोळसा घालून त्या खड्ड्यांत पाणी ओतीत, तें उगाच नव्हे. सोसायटीच्या वार्षिक सभेंत रंगाच्या छटेवर तासभर वाद होतो. ह्या खड्ड्याची मोजणी करून घ्यावी असा ठराव मीं आमच्या सभेंत मांडला तेव्हां त्याला अनुमोदक मिळण्यास तीन वर्षें लागलीं. अखेर मोजणी झाली, खड्डा नवा झाला, आणि त्या दिवसापासून आमच्या जिन्यांतील अठ्ठावीस घरांच्या पेट्यांच्या झिणझिण्या थांबल्या.

म्हणून पहिला संगणक जुळविणाऱ्या तरुणांना माझें इतकेंच सांगणें आहे कीं, ती शेवटची ओळ यादीच्या माथ्यावर न्यावी. आधीं सॉकेट तपासावें, मग वीज तोडणाऱ्या कळा, मग चांगला पॉवर सप्लाय, त्यानंतर पट्टी आणि यूपीएस. आणि ज्याची किंमत पैशांत होत नाहीं त्या लिखाणाची एक प्रत यंत्राबाहेर ठेवावी, कारण पुराच्या पाण्याला कोणतीच तार अडवीत नाहीं. कुलाब्याच्या यंत्राला जें रक्षण एका संस्थेनें दिलें, तें आपल्या यंत्राला शेजाऱ्यांनीं मिळून द्यावयाचें आहे. त्यासाठीं प्रथम भिंतीवरचें तें तिसरें भोंक उघडून, त्याच्यामागें काय आहे तें पाहिलें पाहिजे.